लाल टॅग लागलेला सेंटर फॉरवर्ड

फुटबॉल हा पायांनी खेळायचा खेळ असला, तरी तो हरायला सबंध शरीर लागतं. ही गोष्ट पुनावळ्याच्या मारुतराव अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लक्षात यायला तीन वर्षं आणि चौदा सामने लागले. चौदांपैकी बारा सामने संघ हरला, एक बरोबरीत सुटला आणि एक जिंकला. (जिंकलेल्या सामन्याच्या दिवशी समोरचा संघ चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला होता. त्या विजयाचा चषक प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठेवला आहे. न्यायाने तो चौकातच बसवायला हवा होता.) तीन वर्षांत संघाने तीन गोल केले, त्यांतला एक प्रतिस्पर्ध्यांनी चुकून आपल्याच जाळीत मारलेला. संघावर एकेचाळीस गोल झाले, आणि त्यांत मात्र कुणाचीही चूक नव्हती.

चौदाव्या सामन्यात शेवटची चार मिनिटं गोरक्ष खेळला. तो तेव्हा पहिल्या वर्षाला होता. चाकणच्या पलीकडे त्याचं गाव. बाप धोंडीबा कंपनीत, आई तानाबाई कांद्याच्या रानात, आणि हा पुनावळ्यात तिघांत मिळून घेतलेल्या खोलीत. त्या चार मिनिटांत चेंडू त्याच्याकडे एकदाच आला. त्याने तो जीव खाऊन मारला, तो खांबाला धडकला आणि परत आला. सामना सहा शून्यने गेला होता, त्यामुळे त्या फटक्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. गोरक्षच्या कानात मात्र तो खांबाचा आवाज जो बसला, तो काही केल्या निघेना. त्याच रविवारी गावी जाऊन त्याने आईला सांगून टाकलं, की कॉलेज संपायच्या आत एक आख्खी मॅच खेळणार, नव्वदच्या नव्वद मिनिटं, सेंटर फॉरवर्ड म्हणून, आणि ती बघायला तू यायचं. तानाबाई म्हणाली, "यीन की. आधी जेव."

एवढंच त्याचं मागणं होतं. चार वर्षांत एक सामना. माणसाने मागायचं तरी किती कमी मागावं.

पराभवांची कारणं शोधायला समिती बसली. तनुजा मॅडम या महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षिका. करार अकरा महिन्यांचा, तो सलग सहा वेळा झालेला. स्वतः विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेल्या. समितीत हा खेळ खेळलेली ती एकच व्यक्ती असल्याने त्यांना शेवटी बोलायला दिलं. त्या म्हणाल्या, पोरांना चेंडू थांबवता येत नाही, पास देता येत नाही, रोज दोन तास चेंडूवर सराव पाहिजे. मॅडमचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं. (नोंदवून घेतलेल्या म्हणण्यांची फाइल स्वतंत्र आहे. ती अत्यंत सुस्थितीत आहे.)

मग प्राध्यापक विलास सर उभे राहिले. विलास सर चाकणच्या एका कंपनीत सतरा वर्षं क्वालिटी विभागात होते. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते उत्पादन अभियांत्रिकी शिकवायला आले. माणूस देवासारखा. कुणाला एका शब्दाने दुखावणार नाही, पण टेबलावरचं पेन दोन बोटं सरकलं तर तीन दिवस अस्वस्थ राहील. त्यांनी सांगितलं, की ज्या मालाची क्षमता सिद्ध झालेली नाही तो आपण ग्राहकाकडे पाठवतोय, मग तक्रारी येणारच. आधी माल तयार करा. ताकद, दम, लवचिकता. हे तीन आकडे आले की सामना हा निव्वळ कागदी सोपस्कार आहे.

संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांना हे फार पटलं. पुनावळ्याच्या जुन्या घरातले, तरुणपणी तालमीत घुमलेले, आता मनगटात कडं आणि गुडघ्यात दुखणं. ते म्हणाले, "बरूबर हाय सर. आमी लाल मातीत घाम गाळला म्हनून आज हितं हाय. पोरांच्या अंगात रग न्हाई. तुमी जिम काढा, जागा मी देतो."

जागा त्यांनी खरोखरच दिली. मैदानाची. महाविद्यालयाकडे मोकळी म्हणावी अशी तेवढीच जागा होती. 'मारुतराव बलसंवर्धन व क्षमताविकास केंद्र' मैदानाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागावर दिमाखात उभं राहिलं. उत्तरेकडचा गोलपोस्ट काढायचा राहून गेला, त्यामुळे तो केंद्राच्या रिसेप्शनमध्ये आला. पुढे त्यावर टॉवेल वाळत घालण्याची उत्तम सोय झाली. उद्घाटनाला वीस किलोच्या वजनावर नारळ फोडला. प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागला. त्यावर अर्जुनराव डंबेल घेऊन, आणि खाली बत्तीस शुभेच्छुक. फ्लेक्सवर एका कोपऱ्यात चेंडूही होता, पण तेहतिसावे शुभेच्छुक आयत्या वेळी आले.

गोरक्ष तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. तो खूश झाला, अगदी मनापासून. सर म्हणतात तर ताकद वाढवू, मग खेळू. पहिल्याच दिवशी त्याचं वजन, उंची, छाती, मांडी आणि नाडी मोजून त्याला एक क्रमांक दिला गेला. भिंतीवर प्रत्येक खेळाडूचा आलेख लागला. आहाराचा तक्ता लागला: अंडी नग सहा, मोड आलेले मूग एक वाटी, वडापाव निषिद्ध. झोपेचीही नोंद होती. साडेदहा वाजता ग्रुपवर 'झोपलो सर' असा मेसेज टाकायचा. जे खरोखर झोपत त्यांचा मेसेज येत नसे, आणि त्यांची गैरहजेरी लागे. महिन्याभरात सगळा संघ साडेदहापर्यंत टक्क जागा राहून नियमित झोपू लागला.

आणि केंद्राच्या दारात तो हिरवा बोर्ड लागला, जो या पट्ट्यातल्या प्रत्येक कंपनीच्या गेटवर असतो: 'अपघातविरहित दिवस'. पुढे पाटीवर आकडा. सर रोज सकाळी तो स्वतःच्या हाताने बदलत. पोरं म्हणत, सर घरी देवाला फूल वाहायचं विसरतील, हे विसरणार नाहीत.

आकडा नऊवर असताना जयदीपचा घोटा मुरगळला. जयदीप बचावफळीतला, उरलेल्या अर्ध्या मैदानात सराव सामना चालला असताना पडला. चार दिवसांत पोरगं पळायला लागलं, पण पाटीवर शून्य लागलं ते लागलंच. सरांनी तातडीने चौकशी घेतली. कंपनीत तिची एक ठरलेली रीत असते. काही बिघडलं, की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणायचं आणि ते मुळासकट उपटायचं. चौकशीचा कागद आजही केंद्रात फ्रेम करून लावलेला आहे:

घोटा का मुरगळला? पाय वाकडा पडला.
पाय वाकडा का पडला? खेळाडूने अचानक दिशा बदलली.
दिशा का बदलली? चेंडू दुसरीकडे गेला.
चेंडू दुसरीकडे का गेला? समोरच्याने मारला.
समोरच्याने का मारला? सामना चालू होता.

मूळ कारण: सामना. उपाय: संघाची क्षमता पंचाऐंशी टक्के होईपर्यंत सामने बंद. खबरदारीचा उपाय: चेंडू कुलूपबंद कपाटात, किल्ली क्रीडाशिक्षिकेकडे, आणि चेंडू बाहेर काढायचा झाल्यास तीन प्रतींत गेटपास. या तर्कात कुठे फट आहे हे तनुजा मॅडमना दिसत होतं. पण कागदावर पाच प्रश्न होते, पाच उत्तरं होती आणि प्रत्येक उत्तर खरं होतं. त्यांनी सहावा प्रश्न विचारायचा प्रयत्न केला. सर नम्रपणे म्हणाले, "मॅडम, पद्धतीत पाचच असतात."

यानंतर कार्यक्रमाला जे यश आलं, त्याला तोड नाही. संघाने त्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन चषकातून माघार घेतली (क्षमता एकसष्ट टक्के). पुढच्या वर्षीही घेतली (एक्क्याऐंशी). सलग दोन मोसम संघ एकही सामना हरला नाही. पाटी शंभरावर गेली, दोनशेवर गेली, तेव्हा पेढे वाटले (खेळाडू सोडून, कारण साखर). पाचशेव्या दिवशी चाकणच्या एका कंपनीचं शिष्टमंडळ अभ्यासदौऱ्यावर आलं. त्यांनी फ्रेममधल्या कागदाचे फोटो काढले. 'फुटबॉलमधील शून्य दुखापत: एक यशोगाथा' या विषयावर सरांची सहा व्याख्यानं झाली. अर्जुनराव पाहुण्यांना केंद्र दाखवताना म्हणत, "सगळी इंजिनिअरिंगची पोरं हायती, पन मांड्या बघा." पाहुणे बघत. पोरं उभी राहत.

गोरक्ष पन्नास किलो घेऊन उठाबशा काढत होता, तो एकशेवीसवर पोचला. पार्किंगमध्ये अडकलेली स्कूटी तो एकटा उचलून बाजूला ठेवी. रविवारी गावी गेला, की कांद्याच्या गोण्या दोन दोन एकदम टेम्पोत चढवी. कॉलेजच्या शिक्षणाचा उपयोग धोंडीबाला पहिल्यांदा दिसला, आणि त्याने तसं चार जणांत बोलूनही दाखवलं.

पण कांदाचाळीमागे गोरक्षने एक प्लास्टिकचा चेंडू लपवून ठेवला होता. गोण्या संपल्या, की तो चाळीच्या कुडावर तो मारत बसे. हा प्रकार नियमात बसत नव्हता. सरांच्या भाषेत त्याला 'अनधिकृत चेंडूसंपर्क' म्हणतात. एकदा फटका जोरात बसला आणि कुडाची कामटी तुटली. तानाबाई बाहेर आली.

"आरं, तुला खेळायचंच हाय तर त्या कालिजात खेळ की. हितं माझ्या चाळीच्या मुळावर कशाला?"

"तिथं आधी तयारी चाललीय आई."

"दोन वरीस? लगीन बी एवढं लांबत न्हाई."

गोरक्षने तुटलेली कामटी सुतळीने बांधली. त्याला राग येत होता, पण कुणावर धरावा हे कळत नव्हतं. सर वाईट नव्हते. उलट, आजवर कुणीही त्याच्या झोपेची, अंड्यांची आणि घोट्याची इतकी काळजी घेतली नव्हती. जो इतक्या मायेने थांबवतो त्याच्याशी भांडायचं कसं, हे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात नाही.

चौथ्या वर्षी एक चमत्कार झाला. महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार होती आणि तिच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'स्पर्धांतील सहभाग'. तिथे 'तयारी चालू' असं लिहायची सोय नव्हती. अर्जुनरावांनी सरांना बोलावून सांगितलं, "सर, ह्या टायमाला उतरायचंच. हरा, जिंका, पन मैदानात पोरं दिसली पाह्यजेत." संघाची क्षमता अठ्ठ्याऐंशी टक्के भरली होतीच. पहिला सामना रविवारी सकाळी नऊ वाजता भोसरीच्या मैदानावर, देहूरोडच्या संघाशी. सोमवारी गोरक्षला कंपनीत ट्रेनी म्हणून पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं होतं. कॉलेजच्या परीक्षा तो तिथून येऊन देणार होता. म्हणजे हा रविवार हाच काय तो रविवार होता. त्याने घरी फोन केला. धोंडीबाला ओव्हरटाइम होता, पण तानाबाई म्हणाली, "यीते."

महाविद्यालयाचा संघ दोन बसमधून आला. एकीत सोळा खेळाडू, दुसरीत साहित्य: रबरी पट्टे, मॅट, शंकू, दोरीच्या शिड्या, मालिशचं टेबल, वजनकाटा. देहूरोडची पोरं सहा मोटरसायकलींवरून आली. ती दहाच होती, अकराव्याला आयत्या वेळी शिफ्ट लागली. लष्करी क्वार्टर्सच्या मागच्या पडीक रानात रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत खेळायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. आल्या आल्या त्यांनी टपरीवर वडापाव खाल्ला. विलास सरांनी तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. दुसऱ्याचं नुकसान त्यांना बघवत नाही.

तानाबाई चाकणहून शेअरिंगच्या रिक्षाने आली होती. कडुनिंबाखाली पिशवी घेऊन बसली. पिशवीत डबा होता, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तनुजा मॅडम तिच्या शेजारी चेंडू मांडीवर घेऊन बसल्या. गेटपासच्या तिन्ही प्रती त्यांच्या पर्समध्ये होत्या.

आठ वाजता संघाने व्यायाम सुरू केला. सोळा जण एका तालात वाकले, उठले, शिडीतून नाचत गेले, पट्टे ताणून तिरके चालले. भोसरीच्या रस्त्यावरची माणसं गाड्या लावून बघायला लागली. खरोखर बघण्यासारखंच होतं ते, त्यात खोट काढायला जागा नाही. तीस मिनिटं व्यायाम, मग दहा मिनिटं शिथिलीकरण. शेवटी सगळे उताणे झोपले आणि दीर्घ श्वास घेऊन उठले. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. तानाबाईने मॅडमना विचारलं, "जिंकलो का?"

"अजून सुरू व्हायचंय, मावशी."

"मग ह्ये काय हुतं?"

मॅडमनी तानाबाईला पाणी दिलं.

आता फक्त तपासणी राहिली होती. सामनापूर्व तपासणी पत्रकात बेचाळीस मुद्दे होते. बुटांच्या नाड्यांपासून मागच्या रात्रीच्या झोपेपर्यंत एकेचाळीस मुद्दे सगळे खेळाडू हसत पास झाले. बेचाळिसावा मुद्दा होता 'विश्रांतीतील नाडी, मर्यादा बहात्तर'. सरांनी झाडाच्या सावलीत खुर्च्यांची एक रांग लावली. खेळाडूने येऊन पाच मिनिटं शांत बसायचं, मग सर मनगट हातात घेऊन घड्याळ बघणार. मर्यादेच्या आत असेल तर छातीला हिरवा टॅग, बाहेर असेल तर लाल.

गोरक्ष खुर्चीवर बसला. समोर मैदान होतं. अख्खं, दोन्हीकडे गोल असलेलं. देहूरोडची पोरं चेंडू एकमेकांकडे टोलवत होती. पलीकडे आई पदराने वारा घेत बसली होती. त्याने डोळे मिटून घेतले तर आवाज आणखीच मोठे झाले.

"छप्पन्न, सत्तावन्न..." सर पुटपुटत होते. मिनिट संपलं. "अठ्ठ्याण्णव. गोरक्ष, बरं वाटत नाहीये का?"

"बरंय सर. मॅच आहे ना."

"म्हणजे कारण तुला माहीत आहे."

"हो सर. आनंद झालाय."

सरांनी पत्रकात लिहिलं: 'कारण: सामना.' थोडा विचार करून त्यांनी ते खोडलं नाही. आणि गोरक्षच्या छातीला, नऊ नंबरच्या जर्सीवर, लाल टॅग लावला.

सोळापैकी चौदा जणांना लाल टॅग लागले. हिरवे दोनच. एक राखीव गोलकीपर, जो हजेरीसाठी आला होता आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपला, आणि दुसरा जयदीप, ज्याला कोणत्या मैदानावर आलोय हे विचारावं लागलं होतं. नियमाप्रमाणे सामना सुरू करायला किमान सात खेळाडू लागतात.

गोरक्ष सरांच्या मागे मागे फिरला. "सर, बहात्तर कुठनं आणू आता? तीन वर्षं थांबलोय. आई आलीय चाकणवरनं."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तुझ्याइतका तयार पीस मी सतरा वर्षांत बघितला नाही. तुलाच काही झालं तर? लाल टॅग लागला की माल लाइनवर जात नाही. मी जाऊ दिला तर मग टॅगला अर्थ काय राहिला?"

"मग मला अर्थ काय राहिला, सर?"

सरांनी हेही नोंदवून घेतलं.

नऊ वाजून पंधरा मिनिटांनी पंचांनी शिट्टी वाजवली आणि देहूरोडला विजयी घोषित केलं. सहभागाचं प्रमाणपत्र मात्र दोघांनाही मिळालं, त्यामुळे रकान्याची चिंता मिटली. अर्जुनरावांनी मैदानाच्या मधोमध सोळाही जणांचा फोटो काढून घेतला. पाटीवरचा सातशे सत्त्याऐंशीचा आकडा सुरक्षित होता. साहित्य मोजून बसमध्ये चढलं. मग हिरवे दोघे चढले आणि लाल टॅगवालेही चढू लागले.

देहूरोडचा कप्तान प्रीतम कमरेवर हात ठेवून उभा होता. तो मॅडमजवळ आला. "मॅडम, जिंकलो म्हणतायत. पण आम्ही खेळायला आलो होतो राव."

तनुजा मॅडमनी मांडीवरच्या चेंडूकडे बघितलं. मग पर्स उघडून गेटपासच्या प्रती तपासल्या. परतीची वेळ दुपारी एकची होती. त्या उठल्या, ओढणी कमरेला खोचली आणि चेंडू मैदानात टाकला. "मी गोलला उभी राहते," त्या म्हणाल्या.

प्रीतमने बसच्या पायरीवर एक पाय ठेवलेल्या गोरक्षला हाक मारली, "ए भावा, नऊ नंबर. येतो का?"

गोरक्षने पाय खाली घेतला. टॅग काढून आईच्या हातात दिला. तिने तो नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला, सरकारी कागद असावा म्हणून. त्याच्या मागून आणखी चौघे उतरले. ते पाच, देहूरोडचे दहा, आणि मॅडम, असे आठ-आठ झाले. बस वेळेवर निघून गेली.

खोटं कशाला सांगा, गोरक्ष फार वाईट खेळला. पहिला चेंडू पायाखालून निसटला. दुसरा त्याने असा हाणला, की तो भिंतीवरून रस्त्यावर गेला आणि एका रिक्षाच्या टपावर आदळला. एकशेवीस किलो उचलणाऱ्या त्या मांड्यांना चेंडू थांबवता येत नव्हता. देहूरोडचं एक काटकुळं पोरगं त्याला तीनदा चकवून गेलं आणि तिन्ही वेळा "सॉरी भाऊ" म्हणालं. गोरक्षला लाज वाटली, रडू आलं, दम लागला, आणि इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. साठाव्या मिनिटाला जाळीसमोर गर्दी झाली, चेंडू कुणाच्या तरी डोक्यावरून त्याच्या गुडघ्यावर आला आणि तिथून मॅडमच्या बगलेतून आत गेला. तो तोंडावर पडला. गुडघा सोलवटला. उठून बघतो तर आई झाडाखालून उठून थेट मैदानात आलेली.

"लागलं का रं?"

"गोल झाला आई."

"त्ये दिसलं मला," तानाबाई म्हणाली. तिने पदराने त्याचा गुडघा पुसला आणि चालू सामन्यातून मैदान ओलांडून आपल्या जागेवर जाऊन बसली.

नव्वद मिनिटं पुरी झाली. गोल कुणी किती केले हे कुणी मोजलं नाही.

सोमवारी बसमधून उतरलेल्या चौघांपैकी एकाने ग्रुपवर सगळी हकीकत टाकली, फोटोसकट. सर प्रामाणिक माणूस. सामना अधिकृत नव्हता, मैदान बाहेरचं होतं, बस निघून गेली होती. आकडा तसाच ठेवला असता तर कुणी हरकत घेतली नसती. पण त्यांनी स्वतः स्टूल आणलं, त्यावर चढले आणि सातशे अठ्ठ्याऐंशीच्या जागी शून्य लावलं. उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं शिपाई सांगतो.

मग रीतसर चौकशी झाली. गुडघा का सोलवटला? पडला. का पडला? चेंडूमागे धावला. का धावला? सामना रद्द झाल्यावरही थांबला. का थांबला? बसमध्ये चढला नाही. का चढला नाही? इथे सर अडले. शेवटी त्यांनी कंपनीत गोरक्षला फोन लावला. शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत त्याने उत्तर दिलं, "सर, खेळायचं होतं."

मूळ कारण सापडलं. सामना नव्हे, चेंडूही नव्हे. दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी शोध चालला होता, हे सरांनी मोठ्या मनाने मान्य केलं. खेळण्याची इच्छा असलेले खेळाडू मुळात संघात घेतले जात होते, दोष निवडीत होता. अर्जुनराव म्हणाले, "आवं सर, पोरगं खेळलं, त्यात बिघडलं काय?" सरांनी त्यांना बोर्डासमोर नेऊन उभं केलं. अर्जुनरावांनी पाटीवरचं शून्य बघितलं. मग म्हणाले, "व्हय. मग तसली काढा." मॅडमचं म्हणणंही विचारण्यात आलं. ते नोंदवून घेण्यात आलं, आणि सातवा करार झाला नाही. त्या हल्ली देहूरोडच्या पोरांना शिकवतात.

संघाची निवड आता नव्या पद्धतीने होते. उमेदवाराला खुर्चीवर बसवतात, पाच मिनिटं विश्रांती देतात आणि समोर चेंडू ठेवून नाडी बघतात. वाढली की बाद. पहिल्या वर्षी तीनशे चाळीस विद्यार्थ्यांतून जेमतेम अकरा मिळाले. तरुण वयात ही स्थिरता दुर्मीळ असते, ती चाळिशीच्या आसपास येते, असं सरांचं निरीक्षण आहे. त्यामुळे संस्थेने यंदापासून वयाची अट काढून टाकली असून केंद्र सर्व नागरिकांना खुलं केलं आहे. अर्ज, दाखले, फोटो, कशाचीही गरज नाही. चाचणी घरबसल्या देता येते.

कॉलेजात असताना जी एक गोष्ट एकदा तरी करायचीच असं तुम्ही ठरवलं होतं, ती आठवा. चेंडूच पाहिजे असं नाही. जिच्यासाठी अजून तयारी चालली आहे, थोडं सगळं मार्गी लागलं की सुरू करायची आहे, ती. आठवली? आता डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवा आणि मिनिटभर मोजा.

बहात्तरच्या आत असेल तर अभिनंदन. तुमची निवड झाली आहे.